मेडे तीनदा म्हणायचं

जहाजावर सगळे त्याला पॅसेंजर म्हणत. पॅसेंजर गाडीसारखा बोलताना दर स्टेशनाला थांबतो म्हणून. तोही ते हसण्यावारी न्यायचा. रोज ज्यांच्या ताटाला ताट लावून जेवायचं, त्यांच्यावर रागावून कसं चालेल? लहानपणी घरी फोन वाजला की ताई उचलायची, दुकानातही तीच बोलायची. त्यामुळे तो जहाजावर जायला निघाला तेव्हा आईला बरंच वाटलं होतं. समुद्राशी कुठे बोलावं लागतं, असं ती म्हणाली.

बोलावं लागतं, हे त्याला प्रशिक्षण केंद्रात कळलं. आग विझवायच्या कामात तो कुठेच मागे नव्हता. धुराने भरलेल्या लोखंडी खोलीत मास्क लावून, भिंत चाचपत तो रांगत गेला आणि माणसाएवढा जड बाहुला ओढून बाहेर घेऊन आला. पण रेडिओचा माईक हातात आला की घशाला कुलूप लागायचं. शेवटी एके दिवशी त्याने रेडिओ शिकवणाऱ्या मॅडमना सांगितलं की आपल्याला हे जमायचं नाही, आपण घरी जातो.

मॅडमनी अर्धं आयुष्य जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलं होतं. त्यांनी त्याला बसवलं आणि समजावलं की संकटात भराभरा बोलणाऱ्याचंच पलीकडे काही कळत नाही. तिथला माणूस लिहून घेत असतो, त्याला वेळ लागतो.

"आणि मदतीची हाक देताना मेडे तीनदाच म्हणायचं असतं," त्या म्हणाल्या. "जहाजाचं नावही तीनदा. हा नियम तुझ्यासारख्याच कुणीतरी केला असेल बघ."

त्या खोलीत तो पहिल्यांदा हसला. मग रोज वर्ग सुटला की मॅडम शेजारच्या खोलीत दुसरा रेडिओ घेऊन बसायच्या आणि तो बोलायचा. तो अडला की त्या गप्प राहायच्या. आजवर ज्याने त्याने मायेने त्याच्या तोंडात शब्द घातले होते. वाट बघणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं.

तो थर्ड ऑफिसर झाल्यावर एका दुपारी, जेवणं चालू असताना, इंजिनरूममध्ये तेलाची नळी फुटली आणि आग भडकली. चीफ ऑफिसर माणसं घेऊन खाली धावला. यंत्रांना तेलपाणी करणारा एक ऑइलर भाजून आत अडकला होता; तो बाहेर येईपर्यंत आग विझवणारा गॅस सोडता येत नव्हता. कॅप्टनच्या हातात वॉकीटॉकी होता, नजर धुरावर होती. मान न वळवता तो एवढंच म्हणाला, "रेडिओ तू घे."

त्याने रेडिओवरचं लाल झाकण उघडून संकटाचं बटण दाबून धरलं, मग माईक घेतला. पहिलं 'मे' काही केल्या सुटेना. त्याने ओढाताण केली नाही, श्वास सोडला, आणि शब्द आला. तीनदा आला. जहाज कुठे आहे ते एकेक आकडा सुटा करून सांगितलं. आग कुठे, माणसं किती, एकजण भाजलाय, डॉक्टर हवा, सगळं सांगितलं. पर्यटकांच्या एका मोठ्या जहाजाने उत्तर दिलं. पलीकडच्या बाईने सगळा संदेश जसाच्या तसा परत वाचून दाखवला. एक आकडाही चुकला नव्हता.

ऑइलरला बाहेर काढलं, गॅस सुटला, आग गुदमरली. त्या जहाजाच्या डॉक्टरने ऑइलरचे हात वाचवले.

सुट्टीत तो मॅडमना भेटायला गेला. अडखळत, पण सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि वाकून नमस्कार केला. मॅडमनी त्याला उठवलं.

"माझंही जहाज एकदा बुडायला आलं होतं," त्या मग म्हणाल्या. "वादळात आवाज तुटत होता. पलीकडचा माणूस म्हणाला, सावकाश सांगा, मी इथेच आहे. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही. आभार मानायचे कुणाचे? म्हणून मग शिकवायला लागले."

त्यांनी डोळे पुसले आणि त्याच्याकडे कप सरकवला. चहा निवत चालला होता.