शेगडीवरचा आरसा

मागे वळून पाहण्याचं धैर्य, मित्रांनो, फार थोड्यांकडे असतं. मी जन्मभर मागेच पाहत आलो आहे. यात माझं धैर्य काही नाही; मला बसवलंच तसं होतं.

मी एक जुना आरसा आहे; टॅक्सीचा, चालकाच्या दाराबाहेरचा. कारखान्यात माझी काच मुद्दाम जराशी फुगीर केली होती, म्हणजे लहानशा जागेत पुष्कळ रस्ता मावतो. अकरा वर्षं मी मागून येणारे ट्रक दाखवले. सिग्नलला चालक माझ्यात बघून भांग पाडायचा, तेवढाच काय तो मान. मग टॅक्सी मोडीत निघाली आणि मी मिस्त्रींच्या गॅरेजात एका डब्यात पडून राहिलो, तोंड पत्र्याकडे करून.

मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं आणि तिथला माल पिशव्यांतून घरी येऊ लागला. पिस्टनचा दिवा झाला, क्लचप्लेटचं घड्याळ झालं. गाडीच्या स्प्रिंगवर बसवलेल्या स्टुलावर व्याही एकदाच बसले. उठायला त्यांना स्वतःला काही करावं लागलं नाही. मिस्त्रींच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्याच संध्याकाळी सगळं गॅलरीत काढलं.

"यापुढे घरात भंगार आलं, तर त्याच्यासोबत तुम्हीही गॅलरीत," त्या म्हणाल्या.

पण काकूंना अलीकडे कमी ऐकू येत होतं. हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत होतं. ओट्याशी उभं राहिलं की त्यांची पाठ दाराकडे. कुणी मागे येऊन उभं राहिलं की त्या दचकत. एकदा अशाच दचकल्या आणि उकळतं पाणी हातावर सांडलं.

"हाक मारायला काय होतं तुम्हाला?"

"अगं, तीनदा मारली."

"मनात मारली असेल."

काकूंना चाहूल लागावी म्हणून मिस्त्री दोन दिवस घरात पाय आपटत चालले. खालच्या मजल्यावरचे विचारायला वर आले. मग मिस्त्रींनी मला त्या डब्यातून शोधून काढून धुतलं, वायपरच्या दांड्याला जोडलं आणि काकू बाहेर गेलेल्या पाहून शेगडीच्या वर भिंतीत बसवलं. माझा जीव टांगणीला लागला. पत्र्याकडे बघत मी पुष्कळ दिवस काढले होते; गॅलरीतही तेच वाट्याला आलं असतं.

काकू आल्या. माझ्यात त्यांना दार दिसलं, आणि दारात स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे असलेले मिस्त्री.

"भंगारच ना हे?"

"भंगारच."

"मला काही कमी ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या. मग त्यांनी मला बोटाने जरासं खाली वळवलं. "हं. आता घट्ट करा."

तेव्हापासून काकू दचकल्या नाहीत. माझे दिवस मजेत चालले आहेत. ट्रकांपेक्षा सून, नातवंडं आणि मांजर बघायला बरी.

मिस्त्रींना डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. साखरेचा डबा असतो दाराजवळच्या फळीवर, काकूंच्या पाठीमागे. मागच्या मंगळवारी मिस्त्री नेहमीसारखे चोरपावलांनी आले. माझ्यात ते फार लांब आणि इवलेसे दिसत होते, चमच्यासकट.

"ठेवा तो चमचा," काकू न वळता म्हणाल्या.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. वाफ आणि तेल साचलं की मागे उभं असलेलं आपलं माणूस दिसेनासं होतं. काकू मला रोज पुसतात. मिस्त्रींनी परवा मला हळूच भिंतीकडे वळवून पाहिलं.

स्क्रू घट्ट आहे.