काथाच्या वाटीतली गोळी

मी एक जुना पितळी पानडबा आहे, मित्रांनो, आणि आज मी तुमच्याशी जरा चिडूनच बोलणार आहे. डब्याला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याला सगळं दिसतं, सगळं कळतं आणि तोंड असून बोलता येत नाही, त्याचा राग कसा असतो ते मला विचारा. माझं तोंड म्हणजे हे झाकण. ते दुसऱ्याने उघडलं तरच उघडतं.

माझा जन्म अमरावतीचा. एका तांबटाने मला ठोकून ठोकून गोल केलं आणि आतून कल्हई लावली. खाली विड्याच्या पानांसाठी मोठा खण, त्यावर उचलता येणारी ताटली आणि ताटलीत लहान लहान वाट्या. चुन्याची वेगळी, काथाची वेगळी, सुपारीची, लवंगेची, तंबाखूची वेगळी. मूर्तिजापूरच्या एका बापाने मला विकत घेतलं आणि लेकीच्या रुखवतात मांडलं. ती लेक म्हणजे सुभद्रा. लग्नानंतर तिच्या मांडीवर बसून मी शकुंतला नावाच्या छोट्या आगगाडीने तिच्या सासरी, अंजनगाव सुर्जीला आलो. गाडी इतकी सावकाश चालायची की वाटेतच वरातीने माझ्यातली सगळी पानं संपवली. गंमत म्हणजे सुभद्राचं सासर पानमळ्याचं होतं. पानमळेवाल्यांना पान खाऊ घालत आलेली सून म्हणून तिची बरेच दिवस थट्टा व्हायची.

त्या घराची एक रीत होती. कुणीही आलं की आधी पाणी द्यायचं आणि मग मला पुढे सरकवायचं. काय पाहिजे, किती पाहिजे, हे विचारायचं नाही. ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यावं. पाहुण्यासमोर डब्याचं झाकण लावणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. सुभद्राने ही रीत इतकी सांभाळली की तिच्या ओसरीवरून कुणी रिकाम्या तोंडाने गेलं नाही. शेजारची पार्बताबाई तर दिवसातून दोनदा यायची, एकदा कामाला आणि एकदा नुसती माझ्यासाठी. लोक पान तोंडात टाकून सुभद्राचं कौतुक करायचे आणि मी आतल्या आत फुगायचो. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग सुभद्राच्या नवऱ्याचं, नत्थुजींचं, तोंड उघडेना. गालात पांढरे चट्टे आले. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला लावली, आणि तंबाखूबरोबर पानही गेलं, कारण एक आलं की दुसरं मागोमाग येतंच. मी फळीवर गेलो. माझ्या कडांना हिरवा गंज चढला, एका वाटीत कोळ्याने जाळं विणलं. गावभर पान पुरवणाऱ्या घरात पानडबा रिकामा पडून राहिला.

पुढे नत्थुजींना शुगर निघाली. गोळ्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न आला, आणि सुभद्राची नजर माझ्याकडे गेली. तिने मला चिंच लावून घासलं, उन्हात वाळवलं. चुन्याच्या वाटीत शुगरच्या गोळ्या आल्या, सुपारीच्या वाटीत तापाच्या, लवंगेच्या वाटीत गॅसच्या. पाकिटं वाटीत मावेनात, म्हणून तिने अडकित्त्याने त्यांचे तुकडे केले. औषधाचं नाव एका तुकड्यावर गेलं, तारीख दुसऱ्यावर आणि उरलेले तुकडे नुसते चकचकीत. तेव्हाच मला ओरडावंसं वाटायला हवं होतं. पण खरं सांगू, मला पुन्हा काम मिळालं याच्याच आनंदात मी होतो.

आनंद फार टिकला नाही. पान गेलं तरी पानाची रीत काही त्या घरातून गेली नाही. कुणी आलं, डोकं दुखतं म्हणालं, की सुभद्रा मला पुढे सरकवायची. कुणाला करपट ढेकर आला की लवंगेची वाटी. कुणी अंग मोडून आलंय म्हटलं की सुपारीची वाटी. विचारायचं नाही आणि नाही म्हणायचं नाही. पान चुकीचं खाल्लं तर फार तर जीभ भाजते, बाई. गोळी चुकीची खाल्ली तर काय होतं, हे मी तिला कसं सांगणार होतो?

आता गजकर्णाकडे येतो. पानमळ्यात कायम सावली आणि कायम ओल. आत चप्पल घालून जायचं नाही, ही तिकडची जुनी शिस्त. दिवसभर अनवाणी पाय चिखलात, कमरेला घामाने ओलं झालेलं कापड. नत्थुजींचा मुलगा गोपाल याच्या कमरेवर गोल गोल चट्टे उठले. आधी त्याने ऐकीव मलम लावलं. चट्टे फिके पडायचे आणि मलम थांबलं की दुप्पट होऊन यायचे. शेवटी बायको, प्रणाली, हट्टाने त्याला अमरावतीला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणखी कोणत्या गोळ्या घेतोस ते खोदून विचारलं आणि मग पोटात घ्यायची, बुरशी मारणारी गोळी दिली. आठवड्यातून एकच घ्यायची, ठरलेल्या वारी, आणि कातडी साफ दिसली तरी सांगितल्याशिवाय सोडायची नाही. घरी येऊन प्रणालीने हे सगळ्यांना सांगितलं. मीही ऐकलं. तेवढं नीट बहुधा मीच ऐकलं.

खाज थांबली तसा गोपाल थांबला. उरलेल्या गोळ्या अडकित्त्याखाली गेल्या आणि माझ्या काथाच्या वाटीत येऊन पडल्या. प्रणालीने दोनचारदा टोकलं, तर तो म्हणाला की साफ झाल्यावर कशाले खायच्या? अरे बाबा, वरून गवत कापलं म्हणून मूळ मेलं का? शेतकऱ्याच्या पोराला हे पितळेच्या डब्याने सांगावं का? पण मी सांगूच शकत नव्हतो, आणि त्याचे चट्टे पुढे पुन्हा आलेच.

त्याआधी मात्र नत्थुजी खाजवायला लागले. ज्या जागी खाजत होतं ती चारचौघांत सांगण्याजोगी नव्हती. प्रणालीने डॉक्टरकडे चला म्हटलं तर ते दोन दिवस तिच्याशी बोललेच नाहीत. मग एका सकाळी सुभद्राला हळूच म्हणाले, "या वयात डाक्टरासमोर धोतर सोडू का आता?"

सुभद्राला त्यांची दया आली. मायेनेच आली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तर तिच्यावर धड रागावताही येत नाही. तिने काथाच्या वाटीतली गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. लेकाला गुण आला तर बापालाही येईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. आठवड्याची गोळी तिने रोजची केली, कारण खाज रोज सुटते तर गोळी आठवड्याने कशी पुरेल, हा तिचा हिशेब. शुगरची एक, खाजेची एक, वर घोटभर चहा. पार्बताबाई आली तर तिलाही एक मिळाली. तिने ती पदराच्या गाठीत बांधून नेली, पूर्वी सुपारी न्यायची तशी.

नत्थुजींचा हात थरथरायला लागला. अवेळी भूक लागायची, दरदरून घाम यायचा. वऱ्हाडातला उन्हाळा, घाम कुणाला येत नाही, म्हणून सगळ्यांनी ते उन्हावर ढकललं. मग चतुर्थी आली. नत्थुजींनी उपास धरला. गोळ्या मात्र दोन्ही घेतल्या, कारण गोळीने उपास मोडत नाही. निव्वळ चहावर ते मळ्यात गेले.

दुपार झाली तरी परतले नाहीत, तेव्हा प्रणाली बघायला गेली. ते वेलांच्या ओळीत चिखलात बसले होते, घामाने निथळत. सुनेकडे बघून म्हणाले, "तू कोनाची वं पोरी?" पण ती हुशार. ते शुद्धीत आहेत, गिळतात, हे पाहून तिने मळ्यातल्याच चहासाखरेतली साखर पाण्यात कालवली आणि घोट घोट पाजली. थोड्या वेळाने त्यांनी तिला नावाने हाक मारली. मग गोपालने गाडी काढली आणि सुभद्रा त्यांच्यासोबत अमरावतीच्या दवाखान्यात गेली.

तिथे डॉक्टरांनी विचारलं, आजोबा कोणकोणती औषधं घेतात? सुभद्राने सांगितलं, शुगरची गोळी, दुसरं काही नाही. सलाइनमधून साखर चढवली, नत्थुजी बोलायला लागले. तासाभराने पुन्हा गळाले. पुन्हा चढवली, पुन्हा गळाले. असं का होतंय ते कुणाला कळेना. गोपालने फोनवर हे प्रणालीला सांगितलं तेव्हा ती ओसरीवर उभी होती, आणि मी तिच्या मागे फळीवर होतो.

मित्रांनो, त्या वेळचा माझा संताप मी तुम्हाला काय सांगू! उत्तर माझ्या पोटात होतं. काथाच्या वाटीत, तिथल्या तिथे. एक माणूस तिकडे बुडत होता आणि दोर माझ्याकडे होता, पण माझं झाकण बंद. पन्नास माणसांनी येताजाता मला उघडलं असेल, कुठल्याही ढेकरासाठी उघडलं असेल. आता गरज होती तर कुणी बघेना.

डॉक्टरांनी शुगरची गोळी दाखवायला मागितली होती, म्हणून शेवटी प्रणालीने मला खाली काढलं. झाकण उघडलं आणि ती बघतच राहिली. सगळ्या वाट्यांत नुसते चकचकीत तुकडे. कोणता कशाचा, काही कळेना. ती इतकी वैतागली की तिने झाकण लावलं, मला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि अख्खाच्या अख्खा घेऊन एसटीत बसली. ज्या गावात जन्मलो त्या गावी मी इतक्या वर्षांनी असा गेलो.

डॉक्टरांनी मला टेबलावर उलटं केलं. तुकड्याला तुकडा जुळवत त्यांनी एक नाव लावलं आणि ही कोणाची म्हणून विचारलं. गोपाल म्हणाला, माझी होती, पण मी तर सोडली. मग यातल्या गेल्या कुठे, असं डॉक्टरांनी विचारलं.

"मीच देल्ली त्याहीले," सुभद्रा म्हणाली. "रोज देल्ली. पन ते तं खाजीचं होतं, साहेब. औषध थोडंच होतं?"

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिला समजेल असं सांगितलं, की ही बुरशीची गोळी शुगरच्या गोळीला शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. ती आत साचत जाते आणि रक्तातली साखर खाली खाली ओढते. त्यात आठवड्याची गोळी रोज, आणि वर उपास. गोळी वाईट नाही, पण कुणाला द्यायची, किती, कधीपर्यंत, आणि सोबत दुसरं काय चालू आहे, हे पाहूनच ती द्यायची असते. कुणाचं लिव्हर बघावं लागतं, कुणाचं हृदय. गरोदर बाईने तर विचारल्याशिवाय हातही लावायचा नाही. सुभद्रा पदराने डोळे पुसत ऐकत होती.

कारण कळल्यावर उपाय सापडला. दोन्ही गोळ्या थांबवून नत्थुजींना नजरेखाली ठेवलं आणि शुगरचं औषध नव्याने ठरवून चार दिवसांनी घरी सोडलं. निघताना त्यांनी धोतर सोडून खाजेची जागा दाखवली आणि योग्य मलम घेतलं. एवढंच आधी केलं असतं तर मला टॉवेलात प्रवास घडला नसता.

घरी आल्यावर प्रणालीने ज्याची त्याची वेगळी पिशवी शिवली. आत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि पाकीट अख्खं. अडकित्ता तिने लपवून ठेवला. माझ्यात पुन्हा पानं आली, बडीशेप आली, गुलकंद आला. तंबाखूची वाटी तेवढी रिकामी राहिली.

काही दिवसांनी पार्बताबाई आली. त्या गोळीने लई गुण आला, म्हणाली. लेक मैना बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिच्या कमरेला खाज सुटली आहे, तर तिच्यासाठी एक दे. हे ऐकताना माझं पितळ गार पडलं. सुभद्राचा हात सवयीने माझ्याकडे आला. तिने मला पुढे सरकवलं.

मग ती थांबली आणि तिने हात माझ्या ताटलीवर ठेवला.

"पार्बते, पान घे. पान सगळ्याईचं हाये. गोळी ज्याची त्याची."

पार्बताबाईला वाटलं ही थट्टा करते आहे. मग वाटलं, हिचं मन लहान झालं. एका गोळीसाठी इतक्या वर्षांचा शेजार विसरली, असं म्हणून ती उठली. पानही न घेता गेली. सुभद्रा मागे धावली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो घेऊन तिच्या दारात उभी राहिली आणि मैनेला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी वरून लावायचं मलम दिलं, तपासून, विचारून. पार्बताबाई अजून बोलत नाही. नत्थुजींनी विषय काढला तर सुभद्रा म्हणते, नाही बोलली तरी चालेल, तिची पोर बाळंतपणातून नीट सुटू दे.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. बिस्किटाचा डबा असेल, टीव्हीखालचा खण असेल, आजीची पिशवी असेल. एकदा उघडून बघा. प्रत्येक गोळी हातात घेऊन विचारा, ही कोणाची, कशाची, आणि ती खायला कुणी सांगितलं. उत्तर मिळालं नाही तर ती कुणाला खाऊ देऊ नका. आणि डॉक्टरांनी विचारलं, की काय काय घेता, तर सगळं सांगा, खाजेचंसुद्धा. लाजू नका. मला तोंड असून दुसऱ्याने उघडायची वाट बघावी लागते. तुमचं तोंड तर तुम्हालाच उघडता येतं.