मोकळा ठेवलेला तुकडा

मी बोलतोय, चांदूर रेल्वेजवळच्या टेकडीवरचा मोकळा तुकडा. मोकळा म्हणजे मुद्दाम मोकळा ठेवलेला. ओसाड म्हटलंत तरी राग नाही, ऐकायची सवय झाली आहे.

एकेकाळी ही सगळी टेकडीच उघडीबोडकी होती. झाडं कुऱ्हाडीनं नेली, उरलंसुरलं बकऱ्यांनी. बारा वर्षांपूर्वी अमरावतीच्या कॉलेजातल्या अनुपमा मॅडम आल्या आणि गावाला हाताशी धरून त्यांनी इथलीच झाडं लावली. मोह, धावडा, चारोळी. मला मात्र चार खुंट्या ठोकून वगळलं. लावलेलं रान किती सुधारलं हे कळायला न लावलेला एक तुकडा शेजारी हवा म्हणे! दर दिवाळीनंतर माणसं टेप घेऊन येत. धावड्याचा घेर वाढलेला दिसला की खूश. माझ्याकडे बघून म्हणत, "इथं तसंच." मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

माझ्यावर जीव होता तो एकट्या राखणदार नत्थुजींचा. माझ्यावरून चहूकडच्या बकऱ्या दिसायच्या, म्हणून ते भाकर खायला इथंच बसत. कुणी हौसेनं रोप घेऊन आलं की हाकलून देत, "इथं नाई लावाचं. तुलना बिघडते."

गेल्या चैत्रात नत्थुजी गेले. त्यांची बायको मैनाबाई, तिनं रक्षा कौंडण्यपूरला वर्धा नदीत सोडली. पण मूठभर राखून ठेवली, माझ्यात खड्डा करून त्यात घातली आणि वर मोहाचं रोप लावलं. उन्हाळाभर डोक्यावर कॅन आणून पाणी घातलं. मी ते हावऱ्यासारखं प्यालो. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

दिवाळीनंतर मॅडम आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"मैनाबाई, हे कुणी लावलं?"

"म्याच लावलं म्याडम. खाली आमच्या मालकाची राख हाय."

मॅडम रोपापाशी वाकल्या. "बारा वर्षांची तुलना आहे हो ही. आपणहून उगवलं असतं तर ठेवलंच असतं."

"मंग तसंच लिवा ना. कोन पायते?"

मॅडमनी वही उघडली, पुन्हा मिटली. मी जीव तोडून म्हणत होतो, लिहा, लिहा. पण मला तोंड कुठलं?

शेवटी मैनाबाईच म्हणाली, "राहू द्या. त्यायले नसतं चाललं. त्यायनं सख्ख्या भावालेई इथं झाड लावू नाई देल्लं."

तिनं स्वतःच सब्बल, म्हणजे पहार, हातात घेतली. रोप मुळासकट काढून खुंट्यांपलीकडे लावायचं होतं. मी फक्त मूळ अलगद सोडायचं, एवढंच माझं काम. पण मी पडलो मुरमाड, मला मऊ होता येईना. सोटमूळ मधूनच तुटलं. रोप पलीकडे लावलं, तरी सुकून गेलं.

अर्धं मूळ आणि राख माझ्याच पोटात आहे, वरून काही दिसत नाही. मैनाबाई येते, बसते, उठून जाते.

नाल्याकाठच्या जुन्या मोहावर वटवाघळं फळं खायला येतात. बाबांनो, माणसांनी लावलेलं मला चालत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी जाता जाता एक बी माझ्यावर पाडा. ते आपणहून आलेलं असेल. ते मग कुणालाच उपटता येणार नाही.