मागच्या कोपऱ्याची ओल

औशातल्या घरामागं, परसात, नागप्पांनी एक पत्र्याच्या छपराची खोली बांधली होती. आधी तिच्यात कडबा असे, मग सोयाबीनची पोती, पुढं नुसती अडगळ. आता कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली म्हणून त्यांचा मुलगा मल्लिनाथ बायकोला, अंजूला, घेऊन पुण्याहून परतला होता, आणि त्याला त्या खोलीचं ऑफिस करायचं होतं. नाही जमलं तर पुन्हा पुणं.

लेक-सून घरात आल्यानं रत्नम्मांचं मन भरून आलं होतं. पण खोलीच्या मागच्या कोपऱ्याशी, भिंतीबाहेर, त्यांची पहिली मुलगी होती. जन्मली आणि दिवस मावळायच्या आत गेली. नागप्पांनी कमरेएवढा खड्डा घेऊन तिला तिथं ठेवलं. पुढं खोली बांधताना त्यांनी पाया हातभर अलीकडं घेतला. का, ते गवंड्याला सांगितलं नाही. रोज लिंगपूजा झाली की रत्नम्मा पूजेचं पाणी तिथं ओतत. नागप्पा गेल्यावर हे माहीत असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

लातूरहून विरूपाक्ष मिस्त्री आला. पत्र्याखाली उन्हासाठी फोमच्या शीट लावल्या, आतला फुगलेला गिलावा खरवडला. तीन भिंती वाळल्या. मागचा कोपरा काही वाळेना.

"पाइप फुटलाय बघा," असं म्हणून त्यानं परसातल्या नळाचा पाइप उकरला. पाइप ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नम्मा तांब्या घेऊन आल्या आणि तो मोठ्यानं हसला.

"आज्जी, तुम्हीच व्हय! मी उगंच पाइपाला शिव्या देत बसलो."

"चोर घरातच निघाला की," मल्लिनाथही हसला.

अंजू म्हणाली, "अव्वा, एवढं परस पडलंय, मग तिथंच का?"

"पूजेचं पाणी हाय माय. तिथं कुणाचा पाय पडत न्हाई."

हे खोटं नव्हतं.

विरूपाक्षनं भिंतीलगत चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. उकरायचं, पायाला डांबर द्यायचं, वरून उताराचं सिमेंट.

"किती खाली जाणार?" रत्नम्मांनी विचारलं.

"दीड फूट, आज्जी."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. दीड फूट म्हणजे पोरीपर्यंत जात नव्हतं.

"अव्वा, तुझ्या मनात नसलं तर तेवढा कोपरा सोडू," मल्लिनाथ म्हणाला.

"मालक, तेवढा सोडला तर सगळं केलेलं पाण्यात," विरूपाक्ष म्हणाला.

मल्लिनाथ आईकडं बघत राहिला. सांगावं, असं त्यांच्या ओठांपर्यंत आलं. पण सांगितलं असतं तर त्यानं त्या खोलीत खुर्ची टाकली नसती. महिन्याभरात सामान बांधलं असतं.

"कर बाबा," त्या म्हणाल्या. "कामाला खोली कोरडी पायजे."

सिमेंट वाळलं. मल्लिनाथचं टेबल लागलं, आतून त्याचा कुणाशी तरी बोलतानाचा आवाज येऊ लागला. अंजूनं पूजेचं पाणी ओतायला जास्वंदीची कुंडी आणून ठेवली होती.

रत्नम्मा कुंडी ओलांडून मागं गेल्या. कोपऱ्यात त्यांनी हळूच, थोडंसंच पाणी सोडलं. विरूपाक्षनं उतार चोख काढला होता. पाणी तिथं जराही टेकलं नाही. त्यांच्या पायांजवळून वाहत थेट मोरीला गेलं.

त्या खाली बसल्या आणि पदरानं ते सिमेंट पुसू लागल्या.