इशारा कोणाचा

"आधी गाणं लावा, मंग घोडी आपोआप नाचंल," असं आबासाहेब म्हणाले तेव्हा अश्विनीने मान फिरवली. हसू दिसलं असतं तर तिथल्या तिथे नोकरी गेली असती.

काष्टी गावाबाहेर आबासाहेबांनी तबेला बांधला होता, कारण हल्ली मोठ्या पुढाऱ्यांकडे ड्रेसाजची घोडी असते, असं त्यांना कुणीतरी लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं. मग वाळूचा आखाडा झाला, मोहर नावाची तांबूस घोडी आली आणि तिला शिकवायला, तिच्यावर बसायला अश्विनी आली. ड्रेसाज म्हणजे घोडीने ठरलेल्या रेषांवर, ठरलेल्या चालींनी, स्वाराच्या नुसत्या बसण्याच्या इशाऱ्यावर चालायचं, आणि स्पर्धेत ते सगळं संगीतावर बसवायचं, हे त्यांना तिने चारदा समजावून सांगितलं होतं. चारही वेळा त्यांनी "म्हंजी नाचच की," म्हणून विषय संपवला होता. पैसा असला की माणसाचे कान आधी जातात.

खरं तर काम उलट्या टोकाकडून करायचं असतं. घोडीची चाल आधी, गाणं नंतर. अश्विनीने मोहरच्या टापांचा ठेका मोबाईलवर घेतला आणि गावातल्या साऊंडवाल्या जीशानबरोबर बसून त्या ठेक्याला बेतलेले तुकडे जुळवले. साध्या चालीला बासरी, दुडकीला संबळ, दौडीला सनई. जीशानचा हात चांगला होता, डोकं मात्र सभांमध्ये मुरलेलं. साहेबांनी स्टेजवर हात वर केला की गाणं सोडायचं, एवढीच विद्या तो आजवर शिकला होता.

तयार झालेलं संगीत आबासाहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठंय?"

"नाव आलं तर परीक्षक गुण कापतात," अश्विनीने ठोकून दिलं. साहेबांनी नावाचा हट्ट सोडला. गुण म्हणजे मतंच, एवढं त्यांना कळत होतं.

तिचा जीव मात्र खरोखर टांगणीला लागला होता. पुण्याहून परीक्षक बाई निवड-चाचणी घ्यायला येणार होत्या. त्यात पास झालं की बंगळूरची राष्ट्रीय स्पर्धा. अश्विनीचा स्वतःचा घोडा नव्हता आणि कधी होणारही नव्हता. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या आडमुठ्या घोड्यांना सरळ केलं होतं. मोहरसारखी घोडी पुन्हा तिच्या मांडीखाली यायची नव्हती.

चाचणीच्या दिवशी आखाड्यापाशी मंडप उभा राहिला. परीक्षक बाईंचं टेबल समोर, आणि त्याच्या जरा पुढेच साहेबांचा सोफा. चाचणीआधी सत्कार झाले. परीक्षक बाईंना शाल आणि नारळ, साहेबांच्या पुतण्याला, ओमला, कशासाठी कोण जाणे, फेटा. मोहरलाही झेंडूचा हार घातला, तो तिने खाल्ला. त्या मंडपात त्या दिवशी शहाणपणाचं तेवढंच एक काम झालं.

मग नियम सांगितला गेला. स्वाराने आखाड्याबाहेरून हात वर करायचा, तोच संगीताचा इशारा. अश्विनी बाहेर घोडीला फिरवत होती, तिची पाठ फाटकाकडे होती. एवढ्यात मंडपात कुणीतरी साहेबांचा जयघोष केला. साहेब सोफ्यावरून उठले आणि सवयीने त्यांचा हात वर गेला.

जीशाननेही सवयीने गाणं सोडलं.

अश्विनी घोडी वळवून आत येईपर्यंत बासरी संपत आली होती. संबळ वाजला तशी मोहरने, जी आता संगीत ओळखत होती, भलत्याच जागी दुडकी धरली. परीक्षक बाईंनी घंटा वाजवली.

"घोडी बिचकली," आबासाहेब मोठ्याने म्हणाले. "बाईमानसाच्या हातात लगाम दिला की आसंच व्हतं."

परीक्षक बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "इशारा तुमचा होता का?" त्यांनी अश्विनीला विचारलं. "तुमचा असेल तर चाचणी इथेच संपली. नसेल तर पुन्हा सुरू करा."

जीशान वायरी तपासू लागला. ओमने मोबाईल काढला. एवढा मोठा मंडप, आणि साहेबांचा हात कुणालाच दिसला नव्हता! अश्विनीला त्या सगळ्यांची किळस आली.

"माझा नव्हता," ती म्हणाली. "साहेबांनी लोकांना हात केला. त्यावर गाणं लागलं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग मंडप हसला. आबासाहेब खाली बसले.

दुसऱ्यांदा तिने स्वतः हात वर केला. बासरीवर मोहर आत आली, संबळावर तिचे पाय असे पडले की वाजवणारा तिच्याकडे बघूनच वाजवतोय असं वाटावं. सनई संपली तेव्हा ती टेबलासमोर थांबली होती, चारही पाय सारखे. परीक्षक बाईंनी पास असं जाहीर केलं. अश्विनीने घोडीच्या मानेवर डोकं टेकलं.

आबासाहेबांनी माइक घेतला. "आपली मोहर बंगळूरला चालली! अन् तिच्यावर आमचा ओम बसनार हाय."

"तसं नाही होत," परीक्षक बाई म्हणाल्या. "पास जोडी झाली आहे. ही घोडी आणि ह्याच बाई. स्वार बदलला तर निवड रद्द."

साहेबांनी एकदा अश्विनीकडे बघितलं. मंडपाचं हसू त्यांच्या कानातून अजून गेलं नव्हतं.

"मंग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "घोडी वरातीत फिरवू. घोडीला काय, कुठंबी नाचंल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अश्विनी खाली उतरली, खोगीर सोडलं आणि लगाम ओमच्या हातात दिला. त्याला तो नीट धरताही येईना. एक वाक्य गिळलं असतं तर साहेब खूश राहिले असते, पण चाचणी गेली असती. एक वाक्य बोलली, तर चाचणी मिळाली आणि घोडी गेली. फाटकाबाहेर पडताना तिला रडू फुटलं, ते मोहरसाठी. बोललेलं ते वाक्य मात्र, काही केल्या, तिला परत घ्यावंसं वाटेना.