मुरमाचे खडे

सुखवंताबाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर तांदूळ वर काढला आणि दाराच्या उजेडात तळहात पसरला. बोटाने दाणे इकडेतिकडे केले. पुन्हा हात घातला, या वेळी पार तळाशी. खडा नाही, काळा दाणा नाही, कोंडासुद्धा नाही.

"मी म्हणत होती ना, आत्याबाई," मागे उभी असलेली सून म्हणाली. "आता निवडाची गरजच नाही."

"दिसते मले," सुखवंताबाई म्हणाल्या आणि हात पदराला पुसला.

आजवर घरचं धान गावातल्या जुन्या गिरणीतून कांडून यायचं. तांदळासोबत खडेही यायचे, आणि रोज दुपारी दोन तास सासू-सून मागच्या खोलीत सूप घेऊन बसायच्या. यंदा दिवाळीपासून भूमेश्वरीने नवऱ्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे टिकेशने धान आमगावला मोठ्या मिलमध्ये नेलं. तिथली मशीन खडे वेगळे करते. वाचलेल्या दोन तासांत असं काय मोठं करणार आहेस, असं सुखवंताबाईंनी सुनेला विचारून घेतलं होतं.

"काहीच नाही करणार," ती म्हणाली होती. "नुसती पडून राहीन. पाय लांब करून."

उत्तर उद्धट होतं. दोन लेकरांच्या आईने दिवसाढवळ्या पाय लांब करायचे, आणि तसं सासूच्या तोंडावर सांगायचं. दुसरी असती तर शिलाई शिकते म्हणाली असती, पोथी वाचते म्हणाली असती. ही खोटं बोलली नाही, एवढं मात्र सुखवंताबाईंच्या ध्यानात राहिलं.

पहिल्या दुपारी भूमेश्वरी मागच्या खोलीत चटई टाकून पडली. दहा मिनिटं झाली नसतील, तर समोरच्या सपरीतून, ओसरीवरच्या बाजेवरून, सासऱ्याने, उदेलालने, चहा मागितला. सून रिकामीच आहे, तर आल्याचा करू दे, असा निरोपही वर दिला. दुसऱ्या दिवशी टिकेशने बांधावरची तूर आणून आंगणात टाकली. भूमेश्वरी रिकामीच असते, झोडून टाकेल. मग शेजारच्या देवकाबाईंना पापड लाटायला हात कमी पडले. मोठ्या नणंदेने नागपूरहून फोन करून दोन स्वेटर विणायला सांगितले, लोकर पाठवते म्हणाली. पंधरा दिवसांत असं झालं की भूमेश्वरी पूर्वीपेक्षा जास्त राबू लागली, आणि तिने बोलणं कमी केलं.

एका संध्याकाळी तिच्या डोळ्यांसमोर दूध उतू गेलं. ती तशीच उभी राहून पाहत होती. सुखवंताबाईंनी पदराने दुधाचा गंज उतरवला.

"डोळे आहेत का कुडत्याचे बटन?"

भूमेश्वरीने फडकं घेतलं, शेगडी पुसली. पुसता पुसता हळूच म्हणाली, "निवडत होतो तवाच बरं होतं, आत्याबाई. निदान बसाले तरी भेटे."

सुखवंताबाई गंज घासायला घेऊन बाहेर गेल्या, आणि तो लख्ख झाल्यावरही घासत राहिल्या.

बेचाळीस वर्षांपूर्वी त्या या घरात आल्या. त्यांची सासू अशी की सून पाणी प्यायला बसली तरी तिला खपत नसे. पण मांडीवर सूप असलेल्या बाईला तीही हाक मारत नव्हती. सुखवंताबाई भिंतीला पाठ लावून बसायच्या, बोटं तांदळात ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. प्रत्येक बाळंतपणानंतर त्या अशाच झोपल्या होत्या. झोपेत बोटं हलवायची सवय हातांनी लावून घेतली होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. तिथे वाटेवर टाकायला आणलेल्या मुरमाचा ढीग पडला होता. त्यातले तांदळाएवढे खडे त्यांनी वेचले, धुतले आणि एकेक आपल्याच दाताखाली धरून पाहिला. कडक निघाला तो थुंकून टाकला. दाताखाली सहज फुटेल अशा जातीचे पाचसहा कमरेच्या चुन्याच्या डबीत ठेवले.

त्या संध्याकाळी उदेलालला त्यांनी स्वतः वाढलं. तिसऱ्या घासाला कचकन आवाज झाला. उदेलालने तोंडातून लाल कण बोटावर काढला आणि लेकापुढे धरला.

"टिकेश, हे काय आहे बे?"

टिकेश म्हणाला, असं होऊच शकत नाही, मशीनमधून खडा सुटत नाही.

"मशीनले तुह्या बापाच्या दाताची काय पडली आहे?" सुखवंताबाई म्हणाल्या. "उद्यापासून निवडल्याबिगर दाणा शिजणार नाही. दुपारी दोन तास, मी अन हे सून. दार लावून बसू, कोंबड्या तोंड घालतात. अन मधात कोणी हाक मारायची नाही. माही नजर चुकते."

"बरोबर आहे," उदेलाल जिभेने दाढ चाचपत म्हणाला.

भूमेश्वरीच्या हातातला डाव भाताच्या गंजात तसाच राहिला. तिने सासूकडे पाहिलं नाही. जेवलीही अर्धंच.

दुसऱ्या दुपारी ती मान खाली घालून सूप घेऊन बसली. एक सूप झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला तिने मान वर केली.

"यात तर खडाच नाही, आत्याबाई."

"नसू दे."

सुखवंताबाईंनी उठून कडी लावली. चटई उलगडली, सुनेच्या मांडीवरचं सूप काढून घेतलं.

"पाय लांब कर."

भूमेश्वरी पाहतच राहिली. सुखवंताबाईंनी कमरेची डबी उघडली, त्यातले लाल खडे सुपात टाकले आणि सूप हलवलं. खडखड झाली. सपरीतून उदेलाल खाकरला.

"टिकेशची माय, चहा..."

"निवडून राहिलो," सुखवंताबाई तिथूनच म्हणाल्या.

भूमेश्वरी आडवी झाली. बराच वेळ छपराच्या कवेलूंकडे पाहत होती, मग तिने टाचा भिंतीला टेकवल्या आणि डोळे मिटले. बाजूला सूप हलत होतं, थांबत होतं, पुन्हा हलत होतं. हळूहळू थांबणंच वाढलं.

तिने डोळे उघडले तेव्हा सुखवंताबाईंची पाठ भिंतीवरून घसरून चटईच्या काठावर आली होती. हात उशाला, तोंड जरासं उघडं, पाय सरळ लांब. सूप जमिनीवर पडलं होतं.

बाहेर बाज करकरली. चपला घासत दाराच्या दिशेने येऊ लागल्या.

भूमेश्वरीने पडल्या पडल्या हात लांब केला, सूप जवळ ओढलं आणि दोनदा हलवलं.

चपला थांबल्या. मग परत फिरल्या.