निजवलेलं ॲप

शिरूरला एसटी स्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गावाकडचं कुणी "महेंद्र, बॅटरी टिकत न्हाई" म्हणत आलं, की मी सेटिंगमध्ये जाऊन एक बटण चालू करून द्यायचो. मग फोन मालकाची सवय शिकतो. जे ॲप कुणी उघडतच नाही त्याला निजवतो, आणि दिवसभर चार्जिंग पुरतं. लोक म्हणत, ह्याच्या हाताला गुण हाय. मीही फुशारून जायचो.

माझ्या वडिलांचा, आबांचा फोनही मीच तसा करून दिला. ते दिवसभर घोडनदीकाठच्या रानात असतात. फोनवर त्यांची दोनच कामं, माझ्याशी बोलणं आणि भीमगीतं ऐकणं. आणखी एक ॲप गावातल्या पोरांनी सगळ्यांना टाकून दिलं होतं. कुणाला बिबट्या दिसला की त्यानं त्यात कळवायचं, मग गावातले सगळे फोन वाजायचे. ते उघडावं लागत नाही, आपणहून वाजतं. आणि कुणी उघडत नाही म्हणूनच फोन त्याला निजवतो. एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या दीडशहाण्याच्या डोक्यात आली नाही.

शेजारच्या रानातल्या भागुबाईकडं साधा, बटणाचा फोन होता. आमच्याकडं आता रीतच पडलीय, मोठा फोन असलेल्याला विचारल्याशिवाय बाया उसाच्या कडेला गवताला जात नाहीत. त्या मंगळवारी सकाळी तिनं बांधावरून विचारलं, "आबा, काय आलंय का वो फोनवर?"

आबांनी फोन पाहिला. "काय न्हाई. जा तू."

ती गेली. अर्ध्या तासापूर्वीच बिबट्याची खबर आली होती. माझ्या दुकानात न आलेले फोन तेवढे वाजले होते. भागुबाई उसाच्या कडेलाच मेलेली सापडली, हातात विळा तसाच होता.

संध्याकाळी मी आबांचा फोन तपासला, तर बिबट्याचं ॲप निजलेलं होतं, माझ्याच बटणानं. आबांना खरं ते सांगितलं. त्यांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "कुणाला बोलू नगं. लोक तुला जगू देयाचे न्हाईत."

मी बोललो नाही. भित्रा होतो, दुसरं काय. गावातले साठ-सत्तर फोन मी असेच निजवले होते, बाया रोज त्यांच्याच भरवशावर गवताला जात होत्या, आणि मी दुकानात बसून स्क्रीनगार्ड चिकटवत होतो.

पाचव्या दिवशी विहारात भागुबाईचा जलदान विधी झाला. वंदना संपली, माणसं अजून बसलेलीच होती. भागुबाईची मुलगी करुणा रांजणगावला कंपनीत कामाला आहे. तिनं आबांना सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, तुमचा फोन वाजला न्हवता का?"

"वाजला व्हता," आबा म्हणाले. "म्या बघितलं न्हाई. माझीच चूक हाय, पोरी."

सगळ्या माना आबांकडं वळल्या. कुणीतरी चुकचुकलं. जन्मात खोटं न बोललेला माणूस विहारात बसून माझ्यासाठी खोटं बोलत होता, आणि मला त्याचा राग आला. मग स्वतःची किळस आली.

मी उभा राहिलो. "आबांचा फोन वाजला नाही. मी त्यातलं ॲप निजवलं होतं, चार्जिंग वाचावं म्हणून. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून बॅटरीचं काम करून घेतलं, त्या कुणाचाच फोन वाजणार नाही. आत्ता इथंच मी सगळे नीट करून देतो. तोवर कुणाला गवताला पाठवू नका."

आबांनी मान खाली घातली. करुणा उठून माझ्यासमोर आली. वाटलं, आता थोबाडीत देणार. दिली असती तर बरं झालं असतं.

तिनं स्वतःचा फोन माझ्यापुढं धरला.

"दादा, ह्यातबी तूच केलंय," ती म्हणाली. "दिवाळीत. त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत फोन बघितला, तर काहीच न्हवतं. सकाळीच वाजला असता, तर मी आईला तवाच फोन लावला असता. तिचा साधा फोन रानातबी लागायचा."

मी फोन हातात घेतला. त्यावर भागुबाईचा फोटो होता.